मंगळवारची शमिका

१

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मी अशोका गार्डनमधल्या मुजुमदारांकडे जात असे. मिसरोदला मी एक खोली भाड्याने घेतली होती. तिथून सिटी बस, मग रेल्वेलाइनच्या कडेकडेने दहा मिनिटं चालणं. तीनच्या सुमाराला मी त्यांच्या जाळीच्या दाराशी पोचायचे.

माझं काम इतरांना समजावून सांगणं जरा अवघड जायचं. भोपाळमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं आपसात कशी बोलतात, मराठीतून हिंदीत कधी जातात, परत कधी येतात, कोण कोणाला तू म्हणतं आणि कोण तुम्ही, यावर मी पीएच.डी. करत होते. त्यासाठी प्रश्नावली भरून चालत नाही. घरात जाऊन बसावं लागतं, तेही इतकं की लोकांना आपण तिथे आहोत हेच आठवू नये. विसरले की ते खरं बोलतात.

मुजुमदारांच्या घरी तीन माणसं. अच्युतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, पिपलानीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मनोरमाकाकूंचं माहेर ग्वाल्हेरचं. त्यांची मुलगी सुचेता, चाळिशीची, एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. मुलगा समीर टोरांटोला होता. त्याचं नाव त्या घरात घेतलं जात नसे, आणि कोणी घेत नाही म्हणून ते सारखं जाणवत असे.

त्यांच्या परवानगीने मी एक छोटा रेकॉर्डर फ्रिजवर, विणलेल्या झालरीच्या टोकाशी, ठेवून दिला होता. सुचेता सकाळी तो चालू करायची, रात्री बंद. दर सोमवारी मी त्यातलं कार्ड बदलून घरी न्यायचे आणि कानाला हेडफोन लावून त्यांचा आठवडा ऐकायचे.

मला एका गोष्टीची मात्र खंत होती. आठ महिने झाले तरी ते सगळे मला ‘तुम्ही’च म्हणत. मी एकोणतीस वर्षांची, सुचेतापेक्षाही लहान. काकू चहाचा कप पुढे करताना म्हणायच्या, “घ्या नं शमिकाताई, तुम्हाला आजकाल उशीर होऊन राहिला.” पिपलानीतल्या दुसऱ्या एका घराने, मूळ साताऱ्याकडच्या माणसांनी, मला पंधरा दिवसांत तू म्हणायला सुरुवात केली होती. इथे मात्र माझ्या वहीत प्रत्येक भेटीच्या खाली एकच ओळ असायची: अजून तुम्ही.

फेब्रुवारीत एका सोमवारी आणलेलं कार्ड मी ऐकत होते. मागच्या मंगळवारची दुपार होती. चार वाजून दहा मिनिटं. कपबशांचा आवाज आला, आणि काकूंचा.

“शमिका, तू घे नं अजून. एवढंसं काय खातेस?”

मग थोडं थांबून काकू हसल्या. “हो नं! मी पण यांना तेच सांगते.”

मी मंगळवारी त्या घरी कधीच गेले नव्हते.

२

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. माझ्यामागे का होईना, त्या मला तू म्हणाल्या. नंतर मी तारीख परत पाहिली. रेकॉर्डरची तारीख चुकली असेल म्हणून पुढचं ऐकलं. त्याच फाइलमध्ये अर्ध्या तासाने टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी त्या बातम्या शोधून काढल्या. मंगळवारच्याच होत्या. त्या दुपारी मी पिपलानीला होते. तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे.

दुसरी एखादी शमिका असेल. एखादी भाची, शेजारची मुलगी. काकू फोनवर बोलत असतील. यातलं काहीही असू शकत होतं, म्हणून मी रीतीप्रमाणे काम केलं. त्या दुपारचं सगळं संभाषण उतरवून काढलं, आणि दोन वाक्यांमधल्या शांततेचा वेळ मोजला.

माणसं बोलताना एकमेकांना जागा देतात. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा काही भाग पुरतो. या फाइलमध्ये काकूंच्या दोन वाक्यांत अडीच, तीन, कधी चार सेकंद जात होते, आणि त्यानंतर त्या जे बोलत ते उत्तर असायचं. “नाही गं, ते डॉक्टर आता बसत नाहीत तिथे.” “खरं सांगतेस?” एकदा अच्युतराव मधेच म्हणाले, “तिला बोलू तरी दे,” आणि सगळे गप्प बसले. अकरा सेकंद कोणीच बोललं नाही. अकरा सेकंदांनी तिघेही एकदम हसले.

फोन असता तर पलीकडचा पुसटसा आवाज आला असता. तो नव्हता. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाच्या आलेखात त्या जागी सपाट रेघ होती.

अगदी सपाट नव्हती. फ्रिजची एक बारीक घरघर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असते, तिला मी इतकी सरावले होते की ऐकूही येत नसे. त्या रिकाम्या जागांमध्ये ती घरघर दबत होती. फ्रिजसमोर कोणी येऊन उभं राहिलं की दबते तशी. काकू बोलायला लागल्या की पूर्ववत व्हायची.

चहा संपला तेव्हा कप ओट्यावर ठेवल्याचे आवाज आले. मी ते पुन्हा पुन्हा ऐकून मोजले. घरात तिघं होती. कप चार होते.

३

पुढच्या गुरुवारी मी सुचेताला अंगणात गाठलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “मंगळवारी तुमच्याकडे कोणी आलं होतं का?”

तिने चिमटे मुठीत गोळा केले. “मंगळवारी? तुम्हीच तर होतात.”

“मी सोमवारी येते.”

“हो, सोमवारी पण येता.” ती माझ्याकडे पाहून किंचित हसली, वर्गातल्या मुलीने सोपं गणित चुकवल्यावर हसावं तशी. “आजकाल तर रोजच येता. आईला एकदम बरं वाटतं. मतलब, मी काही बोलत नाही, पण आम्हाला दिसतं नं.”

“सुचेताताई, मी मंगळवारी पिपलानीला असते.”

ती हसायची थांबली. माझा चेहरा, मग खांद्यावरची पिशवी, मग हातातली वही, असं तिने क्रमाने पाहिलं. काहीतरी तिच्या ध्यानात आल्यासारखं वाटलं. तिने कपडे उराशी धरले आणि म्हणाली, “चहा ठेवलाय आईने. आत चला तुम्ही.”

आत काकूंनी चहा दिला. “साखर किती घेणार तुम्ही?”

मी आठ महिने तिथे चहा पीत होते. साखर घेत नाही हे त्यांना माहीत होतं.

नंतर मी जुनी कार्डं काढली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून हे होतं. आधी फक्त मंगळवारी, मग बुधवारी, मग सुचेताच्या सुटीच्या शनिवारीही. तेव्हा मी त्या फाइल भराभर पुढे सरकवल्या होत्या. लांबलेल्या शांतता म्हातारपणाच्या असतात असं गृहीत धरून सोडून दिल्या होत्या. मी ज्या दिवशी खरोखर जात होते, त्या सोमवार-गुरुवारच्या फाइल त्यांच्या शेजारी लावून ऐकल्या, तेव्हा जे दिसलं ते मला वहीत लिहिता येईना. माझ्यासमोर ती माणसं सावकाश, नीटस, छापील मराठी बोलत होती. मी नसताना ती बोलत होती.

४

त्यातल्या एका मंगळवारी काकू हिंदीत रडत होत्या. आणि ते ऐकल्यावर मला नोव्हेंबर सांगावाच लागतो.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मी आणि काकू दोघीच घरी होतो. अच्युतराव बँकेत गेले होते. काकू भाजी निवडता निवडता समीरबद्दल बोलायला लागल्या, आपणहून, पहिल्यांदाच. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर काय सांगितलं ते. चार वाक्यं मराठीत झाली. पाचव्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला आणि त्या हिंदीत गेल्या. “बोला, माँ, अब फोन मत करना। मुझको बोला। मैंने क्या बिगाड़ा था उसका?” मग त्या रडल्या. हातातली मेथीची जुडी तशीच.

मी समोरच्या वेताच्या खुर्चीत होते. मी घड्याळ पाहिलं आणि भाषा बदलल्याची वेळ लिहिली. मला त्याच क्षणी कळलं होतं की माझ्या प्रबंधात असं काही दुसरं मिळणार नाही. घरात जन्मभर मराठी बोललेली बाई दुःख हिंदीत सांगते. ग्वाल्हेरला लहानपणी शेजारपाजारी ज्या भाषेत रडली असेल, त्याच भाषेत. चार मिनिटं त्या रडत होत्या. चार मिनिटं मी एक शब्द बोलले नाही, जागची हलले नाही. मध्ये पडलं की नोंद बिघडते.

शेवटी त्यांनी पदराने डोळे पुसले आणि फ्रिजकडे पाहिलं. “ते मशीन चालू होतं का? पुसून टाका हं ते. यांना नको कळायला. मी आता त्याचं नावही नाही काढत यांच्यासमोर.”

“हो काकू. पुसते.”

सोमवारी त्यांनी विचारलं, “पुसलं नं?”

“पुसलं,” मी म्हणाले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादला एका परिषदेत मी तो तुकडा ऐकवला. नाव बदललं होतं, आवाजही थोडा बदलला होता. रडणं बदलता येत नाही. माझं खूप कौतुक झालं. एका बाईंनी विचारलं, “चार मिनिटं तुम्ही काहीच बोलला नाहीत?” मी म्हणाले, हस्तक्षेप टाळणं आवश्यक होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मार्चच्या अंकासाठी तो निबंध एका नियतकालिकाने तिथेच मागून घेतला.

आता, त्या मंगळवारच्या फाइलमध्ये, काकू पुन्हा तेच सांगत होत्या. तीच वाक्यं, तीच हिंदी. पण या वेळी त्या एकट्या रडत नव्हत्या. त्या थांबत होत्या, ऐकत होत्या आणि पुढे बोलत होत्या. “हाँ बेटा।” “नहीं, तू मत रो।” फ्रिजची घरघर जवळजवळ ऐकूच येईना, कोणीतरी अगदी त्याला लागून उभं असावं तशी. शेवटी काकूंनी एक मोठा श्वास घेतला आणि मराठीत म्हणाल्या, “आता जरा हलकं वाटलं बघ.”

माझ्यासमोर त्यांना कधी हलकं वाटलं नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर.

५

पुढच्या मंगळवारी मी पिपलानीला कळवलं की आज येणार नाही, आणि अशोका गार्डनची बस धरली.

वाटेत मी स्वतःला पटवत होते. एकाकी बाई आहे, मनातल्या मनात बोलते. नवरा आणि मुलगी तिला बरं वाटावं म्हणून साथ देतात. अशी घरं असतात. माझं नाव त्यांनी घेतलं कारण जवळचं तेच नाव होतं. यातलं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं होतं. कप मात्र चार होते.

चार वाजायला आले होते, लख्ख ऊन होतं. शेजारी कोणीतरी गच्चीवर पापड वाळत घालत होतं. मुजुमदारांचं बाहेरचं लाकडी दार उघडं होतं, जाळीचं लावलेलं. मी बेल वाजवणार तेवढ्यात काकूंचा आवाज आला म्हणून थांबले. थांबून ऐकणं हेच माझं काम होतं.

शब्द कळत नव्हते. जाळीतून बाहेरून आतलं धड दिसत नाही, सगळं राखाडी दाण्यांचं होतं. माझी वेताची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर वर्तमानपत्रं रचलेली होती. काकू दिवाणावर बसल्या होत्या, मागच्या दाराच्या उजेडाकडे तोंड करून. आणि त्यांच्या शेजारी, त्यांना खेटून, कोणीतरी पाठमोरं बसलं होतं.

मला फक्त हात दिसला. तो काकूंच्या पाठीवरून वरून खाली फिरत होता, पुन्हा वर जात होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. आपला स्वतःचा हात असा लांबून, दुसऱ्याच्या पाठीवर आपण कधी बघत नाही. तरी ओळखता येतो. मी आठ महिन्यांत काकूंना एकदाही हात लावला नव्हता. माझ्या हातात नेहमी पेन असायचं.

“काकू,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

हात थांबला. काकू उठल्या आणि दाराकडे आल्या. त्या जाळीसमोर उभ्या राहिल्यावर मला दिवाण दिसेना. त्यांनी कडी काढली नाही.

“आज मंगळवार आहे,” त्या म्हणाल्या.

“हो काकू. मी सहज—”

“तुम्ही ते पुसलं नाही नं?”

मी हातातली वही पिशवीत ठेवली.

“लोकांना ऐकवलंत. टाळ्या वाजल्या म्हणे.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

त्यांनी मान थोडी मागे वळवली, पूर्ण नाही. घरात झोप लागलेल्या मुलाकडे बघावं तशी. “सांगितलं. सांगताना किती रडली. मीच म्हटलं, जाऊ दे, तू थोडंच केलंस.”

मागे रेल्वेलाइनवरून एक मालगाडी जायला लागली. आम्ही दोघी ती संपण्याची वाट पाहत उभ्या राहिलो. किती डबे होते कोण जाणे. ती गेल्यावर काकू अगदी सभ्यपणे म्हणाल्या, “तुम्ही परेशान नका होऊ. मी यांना काही नाही सांगितलेलं. ऊन आहे, सावलीतून जा.”

आणि त्यांच्या मागे, आत, कोणीतरी कप खाली ठेवला.

६

त्यानंतर मी गेले नाही. एका रविवारी सकाळी अकराला सुचेताच मिसरोदला माझ्या खोलीवर आली. कापडी पिशवीतून तिने रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला.

“कार्ड मी काढून घेतलंय,” ती म्हणाली. “बाकीचं तुमच्याकडे असेल ते माझ्यासमोर पुसा.”

मी लॅपटॉप उघडला. आठ महिन्यांचे तास मोजले तर माझ्या प्रबंधाचा बहुतेक भाग त्या एका घरात होता. मी पुसत गेले, ती शेजारी उभी राहून बघत होती. नोव्हेंबरच्या गुरुवारवर आल्यावर तिने विचारलं, “छापलं पण गेलंय का?”

“हो. परवाच अंक आला. पण त्यात नाव नाही घातलेलं.”

“रडणं तर घातलंय.”

ती फाइलही पुसली. मग मला राहवलं नाही. “सुचेताताई, खरं सांगा. तुम्हाला ती दिसते?”

ती खिडकीशी गेली. खाली मंडीदीपकडे जाणारे ट्रक एकामागून एक चालले होते. “मी गणित शिकवते,” ती म्हणाली. “मला काय दिसतं ते सोडा. आई दोन वर्षं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवायची. आता ताट घेऊन आमच्यात बसते. बाबांसमोर दादाचं नाव काढते. परवा बाबा रडले. मी बाबांना चाळीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.” ती माझ्याकडे वळली. “तुम्ही परत नका येऊ. तुम्ही आलात की ती घाबरते. दोन दोन दिवस बोलत नाही.”

“काकू?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“हां आई. इथेच आहे... दे तिला.” मग तिचा आवाज बदलला. त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. “बोल गं... हो, पुसलं सगळं. माझ्यासमोरच... नाही, भांडली वगैरे नाही. एकदम चुपचाप आहे ती.”

ती मी होते.

फोनमधून पलीकडचा आवाज झिरपत होता. शब्द लागत नव्हते, पण मला शब्दांची गरज नव्हती. आठ महिने मी सोमवार-गुरुवारच्या फाइलमध्ये तो आवाज हेडफोनवर ऐकला होता, प्रश्न विचारताना, आभार मानताना, काळजीपूर्वक गप्प बसण्याआधी. हा त्याहून जरा सैल होता. हसरा होता. घरातल्या माणसाचा होता.

सुचेताने फोनवर हात ठेवला आणि थोड्या अवघडलेपणाने माझ्याकडे पाहिलं.

“ती विचारतेय, तुम्ही जेवलात का?”

मी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

“जेवले म्हणून सांगा,” मी म्हणाले.